रॅमची पट्टी वाचता येते का?

'मेमरी गेली' हे वाक्य होस्टेलवर नेहमी कानावर पडते. पण गेली ती कोणती मेमरी? २२ जुलै २०२१ ला सावित्री-गांधारीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले. अशा वेळी हा प्रश्न व्हायव्हापुरता राहत नाही.

रॅम म्हणजे वर्गातला फळा आणि हार्ड डिस्क म्हणजे आपली वही. रॅममधला प्रत्येक बिट एका छोट्या कपॅसिटरमध्ये चार्जच्या रूपात असतो. हा चार्ज गळतो, म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आत तो पुन्हा भरावा लागतो. वीज गेली की फळा कोरा! त्यामुळे भिजलेल्या संगणकाच्या रॅममध्ये वाचवण्यासारखे काही उरलेलेच नसते. हिशेब, फोटो, प्रोजेक्ट सगळे हार्ड डिस्कमध्ये. म्हणून भिजलेले मशीन 'चालतंय का बघू' म्हणून सुरू करू नका. डिस्क जाणकाराकडे द्या. रॅम काय, नवी मिळते.

पण नवी कोणती? दुकानात जाऊन नुसते '८ जीबी द्या' म्हटले तर भागत नाही. जुन्या पट्टीवरचा स्टिकर वाचा. समजा त्यावर असे आहे :

८ जीबी १आर×८ पीसी४-३२००एए-एसए२

८ जीबी ही क्षमता. १आर म्हणजे एक रँक, ×८ म्हणजे प्रत्येक चिप एका वेळी ८ बिट देते. डेटा बस ६४ बिटची, म्हणजे चिप्स ८. मोजून बघा, पटेल.

पीसी४ म्हणजे डीडीआर४. ३२०० म्हणजे सेकंदाला ३२०० दशलक्ष ट्रान्सफर. एका वेळी ८ बाइट, म्हणून ३२०० × ८ = २५६०० एमबी. काही कंपन्या याच पट्टीवर पीसी४-२५६०० छापतात. माल तोच, गोंधळू नका.

शेवटच्या गटातला 'एस' म्हणजे लॅपटॉपची आखूड पट्टी, सोडिम. तिथे 'यू' असेल तर डेस्कटॉपची, 'आर' असेल तर सर्व्हरची.

डेस्कटॉपच्या डीडीआर३ ला २४० पिना, तर डीडीआर४ आणि डीडीआर५ दोघांनाही २८८. पण खाच वेगळ्या जागी असते आणि व्होल्टेजही वेगळे : अनुक्रमे १.५, १.२ आणि १.१. पट्टी बसत नसेल तर जोर लावू नका. ती चुकीची आहे हेच ती खाच सांगत असते.

महाड-पोलादपूरच्या मुलांना हे जास्तच लागू. हवी ती पट्टी गावात मिळाली नाही तर पुणे किंवा मुंबई गाठायची, त्यात पावसाळ्यात वरंध घाट बरेचदा बंद. चुकीची पट्टी आणली तर पैसे आणि अख्खा दिवस गेला. तेव्हा निघण्यापूर्वी स्टिकरचा फोटो काढा, मदरबोर्डचे मॉडेल लिहून घ्या, आणि मगच एस.टी. पकडा.