हृदयाची मोट

बीड जिल्ह्यातील विहिरींवर विजेच्या मोटरी बसण्यापूर्वी मोट चाले. बैल धावेवरून उतरत, भरलेली मोट वर येई आणि थारोळ्यात भडभडून रिती होई. मग बैल मागे सरत. तेवढा वेळ पाणी खंडित होई. मानवाचे हृदयही असेच ठोक्याठोक्याने रक्त उपसते. मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त आणि दिवसाला सुमारे १ लाख खेपा! या मोटेच्या बैलांना रात्रीचीही सुटी नाही.

रोगाने हे हृदय दुबळे झाले, तर दुसऱ्याचे हृदय बसविणे हा एक उपाय होय. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८ साली भारतातील पहिले हृदयारोपण केले. परंतु ते हृदय काही तासच चालले. पुढे ही शस्त्रक्रिया यशस्वी होऊ लागली. तरी मृत दात्याचे हृदय मिळेपर्यंत रोग्याने तग धरावा कसा?

त्यासाठी हृदयाला साहाय्य करणारे पंप निघाले. आरंभीचे पंप हृदयाचीच नक्कल करीत : पिशवी भरावयाची, पिळावयाची. ते मोठे असत आणि लवकर झिजत.

१९७६ साली रिचर्ड वॅम्पलर हे अमेरिकन डॉक्टर इजिप्तमधील एका खेड्यात गेले होते. तेथे शेतकरी आर्किमिडीजच्या मळसूत्राने पाणी चढवीत होते. नळीत मळसूत्र फिरे आणि पाणी अखंड वर येई. रक्तही असेच का उपसू नये? इतक्या वेगाने फिरणाऱ्या पात्यांत रक्तपेशी चिरडतील, असे जाणकार म्हणत. वॅम्पलर यांनी पेन्सिलीएवढ्या जाडीचा पंप केलाच. तो मिनिटाला सुमारे २५,००० फेरे घेई. १९८८ साली ह्यूस्टन येथे तो प्रथम एका रोग्यास लावला आणि त्याचे हृदय सावरले.

तो पंप थोड्याच दिवसांपुरता असे. आजचे फिरते पंप छातीत वर्षानुवर्षे चालतात. त्यांतून रक्त अखंड वाहते, म्हणून अशा माणसाचे मनगट धरले तर पुष्कळदा नाडीच लागत नाही, आणि माणूस तर समोर बसून बोलत असतो! पंपाची तार पोटाच्या त्वचेतून बाहेर येते. ती जागा कोरडी व स्वच्छ राखावी लागते. विहिरीत पोहणे कायमचे बंद. दिवसा कमरेच्या बॅटऱ्यांवर पंप चालतो, रात्री घरातील विजेवर. वीज गेली की शेतावरची मोटर थांबते आणि पीक दोन दिवस वाट पाहू शकते. ही मोटर थांबून चालत नाही, म्हणून भारलेल्या बॅटऱ्यांची दुसरी जोडी उशाशी ठेवूनच झोपावे लागते.