नवे लाकडी फ्लोअरिंग टाकण्याआधी खालच्या फळ्या तपासा

मुंबई-पुण्याच्या जुन्या इमारतींत आणि कोकणातल्या माडीच्या घरांत वरच्या मजल्याची जमीन पुष्कळदा लाकडाची असते. तुळयांवर कड्या आणि कड्यांवर फळ्या. त्यावर नवे फ्लोअरिंग टाकण्याचे काम आपल्या सुतार बांधवांकडे येते. गिऱ्हाईक वरच्या लाकडाचा रंग पाहते, आपण चौरस फुटाचा भाव सांगतो. खाली काय आहे ते कोणीच पाहत नाही. आमच्याकडूनही एकदा ही चूक झाली. मोरीजवळच्या कुजक्या फळ्या न उचलता आम्ही काम उरकले. पावसाळ्यानंतर ते उखडून पदरच्या पैशाने पुन्हा करावे लागले.

तपासणी अशी करावी. सगळ्या खोलीत चालून पाहावे. जिथे दबते किंवा करकरते तिथे खडूने खूण करावी. मोरी, नळ, खिडकी व बाहेरच्या भिंतीजवळ स्क्रू ड्रायव्हर टोचावा. तो सहज आत शिरला तर लाकूड कुजले आहे किंवा वाळवीने खाल्ले आहे, असे समजावे.

आधी कारण दूर करावे. गळती बंद न करता फळी बदलली तर नवीही कुजेल. वाळवी असल्यास औषध मारून घ्यावे. लाकूड पूर्ण वाळू द्यावे. मॉइश्चर मीटरवर ओलावा १२ टक्क्यांच्या आत असावा आणि खालच्या-वरच्या लाकडातला फरक ४ टक्क्यांहून जास्त नसावा. रुंद पट्ट्यांसाठी २ टक्के. नवा मालही काही दिवस त्याच खोलीत ठेवावा.

खराब फळी चांगल्या लाकडापर्यंत कापावी आणि काप कडीच्या मध्यावर घ्यावा, म्हणजे नव्या तुकड्याला टेकू मिळतो. कडी जवळ नसेल तर तिच्या बाजूला जाड पट्टी स्क्रूने बसवावी. कटरचे पाते फळीच्या जाडीइतकेच ठेवावे आणि वीज बंद करावी. तुकडा त्याच जाडीचा, वॉटरप्रूफ प्लायचा किंवा सुक्या लाकडाचा असावा. खिळ्यांऐवजी स्क्रू वापरावेत. कडेला ६ इंचांवर, मध्ये १२ इंचांवर. सैल फळ्याही स्क्रूने आवळाव्यात, करकर थांबते. शेवटी १० फुटांची सरळ पट्टी फिरवावी. दीड सुताच्या आसपास, म्हणजे ५ मिलिमीटरपेक्षा जास्त चढउतार राहू देऊ नये.

कडी किंवा तुळईच कुजली असेल तर हात लावू नये. इंजिनिअरला दाखवावे. उपकरप्राप्त इमारतीत म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाची परवानगी लागते का, हेही मालकाकडून आधी विचारून घ्यावे.

आता हिशेबाचे. कोटेशनचे दोन भाग करावेत: फ्लोअरिंगचा भाव वेगळा, खालच्या दुरुस्तीचा वेगळा. दुरुस्तीचा आकडा फळ्या उघडल्यावर, गिऱ्हाइकाला जागा दाखवून लिहून द्यावा. भाव जास्त वाटून एखादे काम हातचे जाईल, पण झाकून केलेले काम परत आले तर मजुरी, माल आणि गिऱ्हाईक तिन्ही जातात.