डिझेलची वही संगणकावर: गेल्या वर्षी काय चुकलं, यंदा काय करायचं



१ जून ते ३१ जुलै बोटी बंद. जाळी दुरुस्तीला, इंजिनं उघडलेली. डोकं थोडं मोकळं असतं, म्हणून हा विषय आत्ताच काढतोय.

गेल्या वर्षी १ ऑगस्टला, हंगामाच्या पहिल्याच दिवशी, आम्ही डिझेलची जुनी वही कपाटात टाकली आणि नवं सॉफ्टवेअर सुरू केलं. पहाटे पंपावर बोटींची रांग, वरून पाऊस, त्यात लाईट गेली. पंपावरच्या मुलाने चिटोऱ्यांवर लिटर लिहून घेतले आणि दुपारी ऑफिसात ते भरले. आपल्या जेटीवर एकाच नावाच्या दोन बोटी आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. सॉफ्टवेअर मात्र बोट नावाने शोधायचं, नोंदणी क्रमांकाने नाही. एका मालकाचं डिझेल दुसऱ्याच्या खात्यात चढत राहिलं. महिनाअखेरीस अनुदानाचे कागद करायला बसलो तेव्हा कळलं. त्या मालकाचा अर्ज मागे पडला आणि बर्फाची उधारी त्याला व्याजाने पैसे काढून भागवावी लागली. त्याच्यासमोर उभं राहताना आम्हाला लाज वाटली.

विकणाऱ्याला दोष देता येईल. पण त्याने ऑफिसात पंख्याखाली बसून पडदा दाखवला आणि आम्ही माना डोलावल्या. पंपावरच्या मुलाला कोणी विचारलंच नाही. आम्ही सुरुवात केली ती ‘कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं’ इथून. आपल्याला नक्की त्रास कसला आहे, हे विचारायला हवं होतं. यंदा ते एका ओळीत लिहिलंय: महिना संपल्यावर दहा दिवसांत प्रत्येक मालकाच्या हातात त्याच्या डिझेलचा बरोबर हिशेब. हे झालं तर काम झालं, नाही झालं तर पडदा कितीही सुंदर असो.

मोठ्यांचीही अशीच फजिती होते. लंडनच्या हीथ्रो विमानतळाचं टर्मिनल ५ हे २७ मार्च २००८ ला सुरू झालं. इमारतीचं काम लांबलं, म्हणून सामानाच्या पट्ट्यांच्या चाचण्या कापल्या गेल्या. चाचणीपुरता संगणकात लावलेला एक अडसर काढायचा राहिला, त्यामुळे खरे निरोप पुढे जाईनात. आणि कामगारांना गाडी कुठे लावायची, आत कुठून जायचं हेच ठाऊक नव्हतं. पहिल्या काही दिवसांत ५०० च्या आसपास विमानं रद्द झाली, हजारो बॅगा अडकल्या. पैसा भरपूर होता, तज्ज्ञही होते. कमी पडली ती खऱ्या माणसांकडून खऱ्या जागी घेतलेली तालीम.

म्हणून यंदा तालीम पंपावरच होईल. पहाटे ४ वाजता, ओल्या हातांनी, मुद्दाम लाईट बंद करून. लाईट नसेल तेव्हा छापील क्रमांकाची पावतीपुस्तकं वापरायची, चिटोरे नाहीत. बोट शोधायची ती फक्त नोंदणी क्रमांकाने.

वही बंद होणार नाही. ऑगस्ट आणि सप्टेंबर दोन्ही चालतील, वहीही आणि संगणकही. रोज संध्याकाळी बेरीज जुळवायची. ज्या दिवशी जुळणार नाही त्या दिवशी फरक सापडेपर्यंत कोणी घरी जायचं नाही (आमच्या घरची मंडळी रागावणार आहेत, ते आम्ही बघून घेऊ). सलग एक पूर्ण महिना लिटर आणि रुपया जुळला तरच वही कपाटात जाईल. नाही जुळला तर वहीवर परत. कमीपणा कसला त्यात? वाऱ्याचा इशारा आला की बोट आपण मागे फिरवतोच ना.

गेल्या वर्षी आणखी एक झालं. कोणी म्हणालं बर्फही घाला, कोणी लिलाव, कोणी कर्जाचे हप्ते. सगळं घालता घालता काहीच नीट झालं नाही. यंदा फक्त डिझेल. बदल सुचवा, जरूर सुचवा, पण हो-नाही एकच माणूस सांगेल. समितीने ते काम खजिनदारांवर सोपवलंय.

पैशाचं थोडक्यात: यंत्राची किंमत म्हणजे सगळा खर्च नव्हे, वर्षाची फी आणि दुरुस्ती धरूनच अंदाज केलाय. शेवटचा हप्ता हिशेब महिनाभर जुळल्यावरच. आपल्या सगळ्या नोंदी मागू तेव्हा एक्सेलमध्ये परत मिळतील, हे करारात लिहून घेतोय. रोजची प्रत पेनड्राईव्हवर राहीलच, पण ती दुसऱ्या संगणकावर एकदा उघडून बघायची. न उघडलेल्या प्रतीवर भरवसा नको.

काही जणांनी विचारलं, ‘आमचा आकडा शेजाऱ्याला दिसेल का?’ प्रश्न रास्त आहे. प्रत्येकाला स्वतःच्या बोटीचंच खातं दिसेल, सगळं दिसेल ते फक्त हिशेबनीस आणि खजिनदारांना. हे सूचनाफलकावर सहीनिशी लागेल.

आता तुमचं काम. बोट वडिलांच्या नावावर, परवाना भावाच्या, बँक खातं तिसऱ्याच्या, असं बऱ्याच घरांत आहे. राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल प्लॅटफॉर्मवर नोंदणी करतानाही आपली काही मंडळी नावांवरच अडली होती. चुकीचं नाव संगणकात गेलं की संगणक तीच चूक दर महिन्याला इमानदारीने करतो. तेव्हा येत्या रविवारी सकाळी १० वाजता ऑफिसात या. बोटीचं नोंदणीपत्र, परवाना, आधार, बँक पासबुक आणि गेल्या हंगामाच्या डिझेल पावत्या आणा. ज्या घरांत हिशेब वहिनी किंवा मुली ठेवतात, तिथून त्यांनाच पाठवा. नोंदी त्यांना स्वतः भरायला देणार आहोत, नुसत्या दाखवणार नाही. ज्यांच्या पावत्या भिजल्या असतील त्यांनी तशाच आणाव्यात, वहीत बघून जुळवू.