शब्दकोडे आणि संगणकाचा तक्ता

शब्दकोडे सोडविणे हा बुद्धीला चालना देणारा रम्य खेळ होय. अमेरिकेतील ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात २१ डिसेंबर १९१३ रोजी आर्थर विन यांनी रचलेले कोडे प्रसिद्ध झाले आणि तेथून या खेळाचा जगभर प्रसार झाला. मराठी वृत्तपत्रांनीही तो आपलासा केला.

पुण्यातील आमच्या घरी रोज सकाळी कोडे सोडविण्याचा परिपाठ आहे. एके दिवशी माझी नात म्हणाली, “आजोबा, आपण संगणकावरील स्प्रेडशीटमध्ये शब्दांची यादी करू या.” स्प्रेडशीट म्हणजे आडव्या ओळी व उभे रकाने यांचा तक्ता. डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांचा ‘व्हिसिकॅल्क’ हा असा तक्ता १९७९ साली लोकांच्या हाती आला. तो हिशेबासाठी होता. आम्ही त्याच्या जातीच्या तक्त्याला शब्दांच्या कामी लावले.

आरंभीच अडचण आली. ‘पुणे’ हा शब्द लिहून आम्ही त्याची लांबी विचारली, तो तक्त्याने उत्तर दिले, चार! नात हसू लागली. मग उलगडा झाला. संगणक ‘प’, उकार, ‘ण’ आणि मात्रा अशी चार चिन्हे मोजतो. कोड्यात मात्र काना, मात्रा, वेलांटी यांसह पूर्ण अक्षराला एकच घर असते, जोडाक्षरालाही एकच. ‘विद्यार्थी’ शब्दाची चिन्हे दहा, पण घरे तीनच.

यावर आम्ही उपाय योजला. पहिल्या रकान्यात शब्द, दुसऱ्यात अक्षरसंख्या आणि पुढील रकान्यांत एकेक अक्षर लिहिले. आता अक्षरसंख्या तीन आणि शेवटचे अक्षर ‘म’ अशी चाळणी लावताच तक्त्यात ‘आराम’, ‘मुक्काम’, ‘उगम’ आणि ‘संगम’ एवढेच शब्द उरले.

त्या दिवशीच्या कोड्यात सूचना होती, ‘नद्यांची भेट’. नातीने घाईने ‘उगम’ लिहिले. परंतु त्याच्या पहिल्या घरातून निघणारा दोन अक्षरी उभा शब्द काही केल्या जुळेना. त्याची सूचना होती, ‘ज्ञानेश्वर, तुकाराम इत्यादी’. मी विचारले, “बाळ, मुळा आणि मुठा पुण्यात उगम पावतात, की एकमेकींना भेटतात?” तिने लगेच ‘उ’ खोडून ‘सं’ लिहिला. ‘संगम’ साधला आणि ‘संत’ही जुळला.

मुलांनो, चाळणी शब्द निवडून पुढे ठेवते. अर्थ जाणत नाही. शिवाय सुपात धान्य असेल, तरच पाखडता येते. यशवंत रामकृष्ण दाते आणि त्यांचे सहकारी यांनी संगणकाच्या साहाय्यावाचून ‘महाराष्ट्र शब्दकोश’ सिद्ध केला. त्याचे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात पुण्यातून प्रसिद्ध झाले. असे कोश चाळून रोज पाच नवे शब्द, त्यांच्या अर्थांसह, आपल्या तक्त्यात लिहा. यादी संगणकात राहील. शब्द मात्र तुमच्या मनात राहावेत.

स्वाध्याय

१. ‘पुणे’ या शब्दाची लांबी तक्त्याने चार का सांगितली?
२. ‘ज्ञानेश्वर’ या शब्दाला कोड्यात किती घरे लागतील?
३. ‘उगम’ आणि ‘संगम’ यांतील अर्थभेद स्पष्ट करा.
४. शेवटी ‘र’ असलेले तीन अक्षरी दहा शब्द अर्थांसह लिहा.