हातांचा मेळ आणि हृदयाचा मेळ

महागांव तालुक्याच्या काळ्या जमिनींत तिफणीची पेरणी ज्यांनीं लक्ष देऊन पाहिली असेल, त्यांस एक गोष्ट आढळली असेल. एकजण तिफण हाकतो व दुसरी व्यक्ति चाड्यांत बीं सोडते. बैलांची चाल वाढली कीं मुठींतून बीं सुटण्याचा वेगही वाढावा लागतो. नाहीं तर पेर विरळ पडते. दोघांत बोलणें फार थोडें. एकाची चाल दुसऱ्याच्या हातास कळते. हा मेळ हातापायांपुरताच असतो, कीं शरीराच्या आंतही पोंचतो?

स्पेनमधील सान पेद्रो मानरिके या खेड्यांत लोक निखाऱ्यांवरून चालतात. त्यांच्या व प्रेक्षकांच्या हृदयाचे ठोके शास्त्रज्ञांनीं मोजले व तें संशोधन 2011 सालीं प्रसिद्ध केलें. स्वस्थ बसलेल्या आप्तांच्या हृदयाची गति चालणाऱ्यांच्या गतीशीं जुळे. परक्या प्रेक्षकांची जुळत नसे. पुढें 2013 सालीं स्वीडनमधील संशोधकांस असें दिसलें कीं, एकत्र गाणाऱ्यांचीं हृदयें बरोबरच जलद व मंद होतात. यांत गूढ कांहीं नाहीं. श्वास घेतांना हृदय किंचित् जलद चालतें, सोडतांना मंदावतें. आणि गाणें सर्वांस एकाच वेळीं श्वास घ्यावयास लावतें. एकच खुंटा धरून ओवी गात दळणाऱ्या आपल्या आजीपणजींचें स्मरण येथें सहज होतें.

परंतु मेळ जमला म्हणजे काम झालें, असें मात्र नव्हे. फ्रान्समधील शेतकी यंत्रशास्त्रज्ञ रिंगेलमान याचा 1913 सालचा निबंध सांगतो कीं, माणसें वाढलीं म्हणजे दरेकाची ओढ घटते. कांहीं अंशीं सर्वांचा हिसका एका क्षणीं बसत नाहीं म्हणून. पण 1974 सालीं अमेरिकेंत डोळे बांधून दोर ओढावयास लावलें, तेव्हां पाठीमागचे लोक ओढण्याचें नुसतें सोंग करीत होते. तरीही आपण अनेकांत आहोंत या समजुतीनें माणसाचा जोर कमी पडला! पहिला दोष तालानें जातो. दुसरा स्वभावाचा आहे. त्यास ताल पुरत नाहीं.

मग कोणता स्वभाव उपयोगीं पडतो? दोन ते पांच जणांच्या गटांवरील 2010 सालच्या एका अमेरिकन संशोधनांत, गटाचें यश सभासदांच्या सरासरी बुद्धीवर फारसें अवलंबून दिसलें नाहीं. दुसऱ्याच्या डोळ्यांवरून त्याचें मन ओळखणारे जेथें अधिक, आणि जेथें एकटाच न बोलतां सर्वांस बोलावयास मिळे, ते गट सरस ठरले. आम्ही मात्र खेळाचा नायक निवडतांना अजूनही ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडेच बोट दाखवितों.