आधी ओळख, मग पिशवी : महामारीतल्या सेवेने शिकवलेल्या आठ गोष्टी

वसईतल्या आमच्या धर्मग्रामात मी गेली अनेक वर्षं सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचं काम करते. ही संस्था १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू झाली. आदल्याच वर्षी त्या शहरात कॉलऱ्याने थैमान घातलं होतं. फ्रेडरिक ओझानाम हा वीस वर्षांचा विद्यार्थी आणि त्याचे मित्र गरिबांच्या घरी जाऊ लागले. कसं जायचं, कसं बोलायचं हे त्यांना सिस्टर रोझली रेंडू या धर्मभगिनीने शिकवलं. तेव्हापासून घरभेट हा या कामाचा प्राण आहे. दोघांनी मिळून जायचं, बसायचं, ऐकून घ्यायचं आणि जे लागेल ते पुढच्या खेपेला घेऊन जायचं.

२५ मार्च २०२० पासून कोरोनामुळे देशभर टाळेबंदी लागली आणि नेमकी घरभेटच बंद झाली. उपवासकाळ चालू होता. प्रार्थना, उपवास आणि दानधर्म यांची आठवण ख्रिस्ती माणसाला वर्षात ज्या दिवसांत सर्वांत जास्त होते, त्याच दिवसांत चर्चची दारं बंद होती. त्यानंतरच्या दोन वर्षांत कामातून जे उमगलं ते इथे मांडते. माझं सांगणं थोडक्यात इतकंच, की संकटात मदत वेळेवर पोहोचते ती जिथे आपली ओळख आधीच पोहोचलेली असते तिथे.

१. यादी संकटाआधी तयार हवी

गरजू कोण, याचं उत्तर टाळेबंदीने बघता बघता बदललं. आमच्या जुन्या यादीत निराधार वृद्ध, विधवा आणि दीर्घ आजारी माणसं होती. आता त्यात अशी घरं आली ज्यांनी आयुष्यात कुणापुढे हात पसरला नव्हता. उपवासकाळात आमच्याकडे सहसा लग्नं होत नाहीत. ईस्टरनंतर लगीनसराई सुरू होते. बँडवाले, केटरर, मांडववाले, नवरीचे गाऊन शिवणाऱ्या बायका, फोटोग्राफर ही सारी मंडळी त्या कमाईवर पावसाळा काढतात. १२ एप्रिलला ईस्टर आला, पण लगीनसराई आलीच नाही. दादरच्या बाजारात फुलं आणि भाजी नेणाऱ्यांची लोकल थांबली. पाचूबंदरच्या कोळी कुटुंबांचे हंगामाचे शेवटचे आठवडे गेले आणि पाठोपाठ पावसाळ्यातली मासेमारीबंदी आली.

ही माणसं मागायला येत नाहीत. त्यांच्या घरातली चणचण शेजाऱ्याला, दुकानदाराला आणि शाळेतल्या बाईंना आधी कळते. म्हणून प्रत्येक वाडीत असा एक माणूस हवा, जो कुणाच्याही घरी सहज डोकावू शकतो. जेरुसलेममधल्या पहिल्या ख्रिस्तसभेतही रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवा वगळल्या जातात, अशी तक्रार आली होती. ती मिटवण्यासाठी प्रेषितांनी खास सात जणांच्या नेमणुकीची व्यवस्था केली. 'प्रेषितांची कृत्ये'च्या सहाव्या अध्यायात ही हकिगत आहे. दोन हजार वर्षांनंतरही सेवेतला पहिला प्रश्न तोच राहतो : आपल्या यादीतून कोण सुटलं? आमच्याकडे सुटण्याची भीती सर्वांत जास्त होती ती चाळीत भाड्याने राहणाऱ्यांची, कारण त्यांची नावं धर्मग्रामाच्या नोंदवहीत नसतात.

२. रेशन काय देतं ते पाहून पिशवी भरावी

एप्रिल २०२० पासून पंतप्रधान गरीब कल्याण अन्न योजनेत माणशी महिन्याला पाच किलो धान्य फुकट मिळू लागलं. ज्यांचं कार्ड योजनेत बसत होतं, त्यांच्या घरी तांदूळ होता, पण फोडणीला तेल नव्हतं. ज्यांचं कार्ड गावाकडचं होतं किंवा नव्हतंच, त्यांच्याकडे काहीच नव्हतं. दोघांना एकच पिशवी देऊन भागत नाही. कार्डवाल्यांसाठी आम्ही तेल, डाळ, मसाला, मीठ, साखर, चहापत्ती आणि साबण असं काढलं. बिनकार्डवाल्यांसाठी धान्यही घातलं. बायकांच्या सांगण्यावरून सॅनिटरी पॅड घातले, कारण ते मागायला कुणाचीच जीभ रेटत नव्हती. काही घरांना किराण्याहून गॅस सिलिंडरच्या पैशांची निकड होती. रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्यांचं तर वेगळंच काम झालं. रुग्णाची चिठ्ठी फोनवर मागवायची, औषधाच्या दुकानातून गोळ्या घ्यायच्या आणि दाराशी ठेवायच्या.

पिशवी भरण्याआधी त्या घरी दोन मिनिटं बोललं, की निम्मं वाया जाणारं सामान वाचतं आणि निम्मी अडचण सुटते.

३. मदतीला धर्म आणि कागद विचारू नये

मे २०२० मध्ये वसईच्या सनसिटी मैदानावर उत्तर प्रदेशाकडे जाणाऱ्या श्रमिक रेल्वेसाठी हजारो मजूर लहान मुलांसह उन्हात बसले होते. तालुक्याच्या पूर्वेकडच्या पाड्यांवर वारली आणि कातकरी कुटुंबांची मजुरी बंद पडली होती. अशा वेळी चर्चच्या नावाने निघालेल्या पिशवीवर पहिला हक्क कुणाचा, असा प्रश्न काही जणांनी तळमळीने विचारला. आपल्याच लोकांचे हाल होत होते, त्यामुळे प्रश्न स्वाभाविक होता.

त्याचं उत्तर प्रभू येशूने चांगल्या शोमरोनीच्या दाखल्यात देऊन ठेवलं आहे. त्यात जखमी प्रवाशाची जात आणि गाव विचारलं जात नाही. तो रस्त्यात पडला आहे, एवढीच त्याची ओळख पुरते. आम्ही ठरवलं की वाटेत जो भेटेल तो शेजारी. गुरुद्वारा, गणेशोत्सव मंडळं, मशिदीतले तरुण हे सगळेच त्या दिवसांत राबत होते. त्यांच्याशी बोलून भाग वाटून घेतले, की एका गल्लीत तीन पिशव्या आणि दुसरीत एकही नाही, असं होत नाही.

४. फोनवर काय विचारायचं ते ठरवून घ्यावं

आमच्या गावांत अनेक घरांत आता फक्त आईवडील उरले आहेत. मुलं कॅनडात, ऑस्ट्रेलियात, आखातात किंवा जहाजावर. घर मोठं, पैसे येतात, पण दोन माणसांत दिवसभर बोलण्यासारखं काही उरत नाही. आम्ही सभासदांत घरं वाटून घेतली आणि प्रत्येकाने ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी फोन करायचा असं ठरवलं. ठरलेल्या वेळेला फार महत्त्व आहे. एकटं माणूस त्या फोनसाठी सकाळपासून तयार असतं.

'सगळं ठीक ना?' या प्रश्नाला म्हातारी माणसं नेहमी 'हो' म्हणतात. म्हणून आम्ही वेगळे प्रश्न विचारायला लागलो. आत्या, आज काय रांधलं? काका, गोळ्या किती दिवस पुरतील? रात्री झोप लागली का? शेवटी घराबाहेर कधी आलात? 'काल रात्री चहा-बिस्किट खाल्लं' एवढ्या उत्तरातून घरात काय चाललंय ते कळतं. आणि बोलायचं ते त्यांच्या घरच्या बोलीत, सामवेदीत नाही तर वाडवळीत. बोलीत विचारलं, की बांध फुटतो आणि माणूस मनातलं सांगतं.

वयस्क सभासदांना बाहेर पडता येत नव्हतं. फोनचं हे काम त्यांनी अंगावर घेतलं आणि तरुणांनी पिशव्या उचलल्या. सेवेत वयाने कुणी निकामी होत नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

५. पडद्यावरची मिस्सा सगळ्यांपर्यंत पोहोचत नाही

२७ मार्च २०२० च्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस यांनी सेंट पीटर्सच्या रिकाम्या चौकात, पावसात जगासाठी प्रार्थना केली. ते दृश्य आमच्यापैकी अनेकांनी मोबाइलवर पाहिलं आणि हुंदका आवरला नाही. यूट्यूबवरच्या मिस्सेने तेव्हा खूप धीर दिला. पण साधा मोबाइल असणारी आजी, डेटा संपलेलं घर आणि नजर अधू झालेला माणूस यांच्यासाठी ती मिस्सा नव्हतीच.

१५७६ साली मिलानमध्ये प्लेग आला, तेव्हा आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी चौकाचौकांत वेद्या उभारल्या, म्हणजे लोकांना आपापल्या खिडकीतून मिस्सेत भाग घेता येईल. मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर वांद्र्यासारख्या गावठाणांत लोकांनी रस्त्याकडेला क्रूस उभारले आणि त्यांच्याभोवती प्रार्थना चालू ठेवली. आपल्या वाडवडिलांजवळ हे शहाणपण होतं. मे महिना पवित्र मरियेचा. आमच्याकडे एरवी वाडीतल्या क्रूसाजवळ जमून रोझरी होते. त्या मे महिन्यात प्रत्येक घराने आपल्या ओटीवर उभं राहून रोझरी म्हटली. एक घर सुरुवात करी, पुढचं घर उत्तर देई. ज्यांना काहीच दिसत नव्हतं त्यांनाही शेजारचा आवाज ऐकू येत होता.

१६ नोव्हेंबर २०२० ला, दिवाळीच्या पाडव्याला, राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली. पण पासष्टीपुढच्या लोकांनी घरीच राहावं असा सल्ला होता. म्हणजे ज्यांचं सारं जग चर्चच्या आवारात सामावलेलं, तेच बाहेर राहिले. त्यांच्यासाठी फोन आणि ओटीवरची रोझरी चालूच ठेवावी लागली.

६. दुःखाची भेट उशिरा झाली तरी चुकवू नये

सर्वांत कठीण गेले ते अंत्यविधी. घरचं माणूस रुग्णवाहिकेतून गेलं आणि मग दिसलंच नाही, असं कितीतरी घरांत झालं. अंत्यविधीला वीसपेक्षा जास्त लोक नकोत असा नियम होता, आणि अनेकदा घरचेच विलगीकरणात असत. काही कुटुंबांपुढे दहनाचा प्रश्न आला. पिढ्यान्‌पिढ्या दफन पाहिलेल्या माणसाला ते फार जड जातं. कॅथोलिक ख्रिस्तसभेने १९६३ पासून दहनाला परवानगी दिली आहे आणि अस्थी आदराने दफनभूमीत ठेवता येतात, हे फादरांनी फोनवर शांतपणे समजावलं, तेव्हा घरच्यांच्या मनावरचं ओझं हलकं झालं. असं समजावणं हीसुद्धा सेवाच आहे.

त्या वेळी आम्ही फोनवर प्रार्थना म्हटली. निर्बंध उठल्यावर त्या घरांची वेगळी यादी केली आणि एकेका घरी गेलो. काही ठिकाणी वर्ष उलटून गेलं होतं. तरी त्या माउलींनी दवाखान्यातल्या शेवटच्या फोनपासून सगळं पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. त्यांना सांत्वनाचे शब्द नको होते, बसून ऐकणारं माणूस हवं होतं.

७. अर्ज भरून देणं हे मोठं दान आहे

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत पिशवीइतकीच माहितीची गरज पडली. बोटाला ऑक्सिमीटर कसा लावायचा, आकडा ९४ च्या खाली गेला तर थांबायचं नाही, सहा मिनिटं चालून पुन्हा कसं मोजायचं, हे आम्ही घरोघरी सांगितलं आणि ऑक्सिमीटर आळीपाळीने फिरवले. लस आली तेव्हा ज्यांना मोबाइलवर नोंदणी जमत नव्हती, त्यांची नोंदणी तरुणांनी केली.

पुढे कोरोनाने दगावलेल्यांच्या वारसांना ५०,००० रुपयांचं सानुग्रह सहाय्य जाहीर झालं. दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी राज्य सरकारने पाच लाखांची मुदत ठेव जाहीर केली. हे पैसे मिळवायला तपासणीचा अहवाल, मृत्यूचा दाखला, बँक खातं आणि ऑनलाइन अर्ज लागत होता. नवरा गेलेल्या बाईला यातला एकेक कागद डोंगराएवढा वाटत होता. तिच्याबरोबर रांगेत उभं राहणाऱ्याने तिला जे दिलं, ते कोणत्याही किराण्यापेक्षा अधिक काळ टिकतं.

८. हिशेब उघडा, नावं झाकलेली

आमच्या प्रत्येक सभेत एक पिशवी फिरते. प्रत्येकजण तिच्यात मूठ घालतो. कुणी किती टाकलं ते कुणालाच कळत नाही. देणाऱ्याच्या बाबतीत जी काळजी घ्यायची, तीच घेणाऱ्याच्या बाबतीतही घ्यावी. आलेला पैसा आणि झालेला खर्च यांचा आकडा सूचनाफलकावर लावावा. मदत घेणाऱ्याचं नाव आणि फोटो कुठेही लावू नये. पिशवी धरून उभ्या असलेल्या आईचा फोटो तिची मुलं पुढे कित्येक वर्षं पाहतील, याचं भान हवं.

घेणाऱ्यालाही काही देता यावं अशी वाट ठेवावी. गाऊन शिवणाऱ्या बायकांना आम्ही मास्क शिवायला दिले आणि त्यांची मजुरी चुकती केली. बाजार बंद असल्याने शेतात पडून राहिलेली भाजी बागाईतदारांकडून विकत घेतली आणि पिशव्यांत घातली. काहींनी पैसे घेतले, काहींनी पडवळ-वांगी तशीच दिली. त्या दिवसांत देणारा आणि घेणारा हे दोन वेगळे गट राहिलेच नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. पण एकटेपणा, आटलेली कमाई आणि न बोललेलं दुःख अजून घराघरांत आहे, आणि पुढचं संकट पूर, वादळ किंवा आजार यांपैकी कुठल्याही रूपात येऊ शकतं. म्हणून माझी प्रत्येक धर्मग्रामाला, प्रत्येक मंडळाला कळकळीची विनंती आहे. आपल्या वाडीची यादी या महिन्यात नव्याने करा. भाडेकरू, एकटे वृद्ध आणि नव्याने अडचणीत आलेली घरं तिच्यात आहेत ना, ते पाहा. प्रत्येक घरासाठी विचारपूस करणारा एक माणूस नेमा. आणि गेल्या काही रविवारी जे मिस्सेला दिसले नाहीत, त्यांना आजच फोन करा.