सियोन कोणता?

मुंबई बेटाची जेथे साष्टीशी हद्द होती, तेथे शीव हे ठिकाण आहे. शीव म्हणजे सीमा, हे प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. इंग्रजीत ह्याच ठिकाणास सायन म्हणतात. आणि येथील टेकडीवर पोर्तुगीज पाद्र्यांनी प्रार्थनामंदिर बांधून त्यास सियोन डोंगराचे नाव दिले, असेही सांगतात. ह्यावरून एखादा उपदेशक म्हणेल की, "सियोन म्हणजे शीव, देवाने आपल्या लोकांभोवती घातलेली सीमा." दृष्टांत कानास गोड लागेल, परंतु त्यास आधार नाही. 'शीव' हा शब्द संस्कृत 'सीमा' ह्यापासून आला आहे. 'सियोन' हे इब्री नाव आहे. दोहोंत साम्य आहे ते केवळ ध्वनीचे.

असाच घोटाळा शास्त्र वाचतानाही होतो. अनुवाद ४:४८ ह्यात सियोन नावाचा पर्वत आहे, व तोच हर्मोन असे तेथे सांगितले आहे. तर मग दाविदाचे नगर हर्मोनावर होते काय? नाही. हर्मोन यरुशलेमेच्या पुष्कळ उत्तरेस आहे. स्तोत्र १३३:३ ह्यात हर्मोन व सियोन ही दोन्ही नावे वेगवेगळी आली आहेत. इब्री भाषेत यरुशलेमेच्या सियोनाचे पहिले अक्षर 'त्सादे' आहे, तर हर्मोनाच्या ह्या दुसऱ्या नावाचे पहिले अक्षर 'सीन' आहे. मराठी अक्षरांत हा भेद लोपतो.

ज्यांस इब्री येत नाही त्यांनी काय करावे? जेम्स स्ट्राँग ह्यांनी १८९० साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी शब्दसूचीत प्रत्येक इब्री शब्दास क्रमांक दिला आहे. यरुशलेमेच्या सियोनाचा क्रमांक ६७२६ व हर्मोनाच्या नावाचा ७८६५ आहे. ही सूची आता मोबाईलवरही पाहता येते. ज्यांस इंग्रजी वाचता येत नाही त्यांनी जाणत्याचे साहाय्य घ्यावे. प्रथम क्रमांक पाहावा, मग तो शब्द जेथे जेथे आला आहे ती वचने वाचावी, आणि त्यानंतरच अर्थ ठरवावा.

हा अभ्यास आपल्या भाषेस नवा नाही. मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल लोकांकरिता डॉ. जॉन विल्सन ह्यांनी १८३२ साली इब्री व्याकरणाची मूलतत्त्वे मराठीत लिहिली. पंडिता रमाबाईंनी इब्री व ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचे मराठीत भाषांतर केले. ते १९२४ साली प्रसिद्ध झाले.

उपदेशक बंधूंनो, मंडळीतील पुष्कळ जण तुमच्या तोंडूनच शास्त्र ऐकतात, आणि जे ऐकतात ते घरी जाऊन मुलाबाळांस सांगतात. म्हणून नावाचा अर्थ सांगण्यापूर्वी ते नाव पारखून घ्या.